नॅसमधल्या जोडडिस्क मोठ्या करताना नेमकं काय घडतं

नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कवर जोडलेल्या फाइल साठवायच्या यंत्रात, ४ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत, दोन्हींवर अगदी तोच डेटा आहे आणि जागा जवळजवळ संपली आहे. फोटो, व्हिडिओ, घरातल्या सगळ्यांच्या फोनचे बॅकअप, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रं. आता ८ टेराबाइटच्या दोन डिस्क घ्यायच्या आणि जुन्यांच्या जागी बसवायच्या. यातला हाताने करायचा भाग खरोखरच सोपा आहे. ट्रे ओढायचा, स्क्रू काढायचे, नवी डिस्क बसवायची, ट्रे परत सरकवायचा. पण या कामात काही तास असे येतात, की ज्या संरक्षणासाठी आपण दोन डिस्क लावल्या, ते संरक्षण आपण स्वतःच काढून घेतलेलं असतं. त्या तासांत आत काय चालतं ते एकदा कळलं, की काय आधी करायचं आणि काय नंतर, हे आपोआप ठरतं.

दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या या जोडीला मिरर म्हणतात. मिरर म्हणजे रेड १; अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतींना रेड म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलेहून रेडवरचा जो मूळ शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातल्या पाच पद्धतींपैकी ही पहिली आणि सगळ्यांत सरळ. लिहायचं ते दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहायचं, वाचायचं ते कोणत्याही एकीवरून वाचायचं. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर सगळं शाबूत असतं आणि नॅस चालू राहतो. एवढंच त्याचं काम. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअरने कुलूप लावलं तर दोन्ही प्रतींना लागतं. पॉवर सप्लाय जळताना दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो. म्हणून मिररला बॅकअप म्हणता येत नाही. हे पुष्कळांनी वाचलेलं असतं, पण डिस्क बदलण्याच्या दिवशी त्याला खरा अर्थ येतो.

आणखी एक नियम इथेच सांगून टाकतो. मिररची क्षमता जोडीतल्या लहान डिस्कवरून ठरते. ४ आणि ८ टेराबाइटची जोडी लावली तर मिळतात ४. त्यामुळे पहिली डिस्क बदलल्यावर जागा वाढलेली दिसत नाही आणि लोक गोंधळतात, की नवी डिस्क यंत्राला ओळखता आली नाही की काय. तसं काही झालेलं नसतं. दुसरी बदलेपर्यंत उरलेली जागा नुसती पडून राहते.

रिबिल्ड म्हणजे काय

नेहमीची पद्धत अशी: एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी मोठी बसवायची, मग नॅस उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळा डेटा नवीवर उतरवतो. यालाच रिबिल्ड म्हणतात. तो पूर्ण झाला की दुसरी जुनी डिस्क काढायची, दुसरी नवी बसवायची, पुन्हा रिबिल्ड. शेवटी जागा वाढवायची.

बहुतेक घरगुती नॅस आतून लिनक्सवर चालतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांत मिररचं काम लिनक्समधलाच एमडी नावाचा भाग करतो. एमडीला फाइल म्हणजे काय ते माहीत नसतं, त्याला फक्त ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक आकाराचे तुकडे, कळतात. जुन्या वहीची नक्कल करणाऱ्याने कोरी पानंसुद्धा जशीच्या तशी उतरवावीत तसं त्याचं काम चालतं. ४ टेराबाइटच्या मिररमध्ये १ टेराबाइटच भरलेलं असलं तरी नक्कल सहसा सगळ्या ४ ची होते. ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर ज्या झेडएफएसवर चालतं त्यात मिरर आणि फाइल सिस्टीम (फाइल डिस्कवर कुठे, कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था) एकच असल्याने जेवढं भरलेलं तेवढंच उतरवलं जातं. तिथे या क्रियेला रिसिल्व्हर म्हणतात.

किती वेळ लागेल हे कागदावर काढता येतं. फिरणाऱ्या डिस्कचा वेग बाहेरच्या कडेला जास्त असतो आणि आतल्या बाजूला जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट धरू. ४ टेराबाइटला त्याने भागलं तर सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे साडेसात तासांच्या आसपास. हे नॅसला दुसरं काही काम नसताना. त्याच वेळी कोणी व्हिडिओ बघत असेल, फोनचे बॅकअप येत असतील, तर डिस्कचं हेड सतत इकडून तिकडे धावतं आणि वेळ सहज दुप्पट होतो. असे दोन फेरे. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करून दुपारपर्यंत आटपू, या हिशेबाने कोणी बसू नये.

या साडेसात तासांत जुनी उरलेली डिस्क पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत सलग वाचली जाते. एरवी तिचा कितीतरी भाग वर्षानुवर्षं कोणी वाचत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या सहलीचे फोटो ज्या ब्लॉकांवर आहेत, त्यांतला एखादा कधीच खराब झालेला असू शकतो आणि कोणी वाचला नाही म्हणून कळलेला नसतो. नेहमीच्या दिवशी तो वाचता आला नाही तर मिरर गुपचूप दुसऱ्या डिस्कवरून तो भाग आणतो आणि पहिलीवर दुरुस्तही करून ठेवतो. रिबिल्डच्या वेळी ती दुसरी डिस्क तुमच्या टेबलावर असते. तेव्हा काही यंत्रणा रिबिल्ड अर्धवट सोडतात, काही तेवढा भाग खराब म्हणून नोंदवून पुढे जातात, आणि झेडएफएस निदान कोणत्या फाइलचं नुकसान झालं ते नावानिशी सांगतं.

याबद्दल एक आकडा फार फिरतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दहाचा चौदावा घात इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, असं लिहिलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. त्यावरून काही जण असं गणित मांडतात, की मोठ्या डिस्कचा रिबिल्ड फसणारच. मला हे गणित पटत नाही. कंपनीने दिलेली ती वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. आणि चुका अशा समान अंतराने येत नाहीत. धडधाकट डिस्क त्याच्या कितीतरी पट वाचून जाते, बिघडत चाललेली डिस्क पहिल्याच टेराबाइटमध्ये दहा ठिकाणी अडखळते. तेव्हा प्रश्न आकड्याचा नाही, तुमच्या हातातली ही डिस्क कोणत्या अवस्थेत आहे, हा आहे. तो आधी तपासता येतो.

आधीची तयारी

माझ्या मते या कामाचा ऐंशी टक्के भाग नवी डिस्क डब्यातून बाहेर काढण्याआधी संपलेला असावा.

सगळ्यांत पहिला बॅकअप. नॅसच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. नुसता ‘बॅकअप यशस्वी’ हा हिरवा शेरा बघून थांबू नका. त्यातून दोन-चार फाइल परत उतरवून उघडून बघा. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक पीडीएफ. उघडतात ना? मग पुढे जा. बॅकअप नसेल तर हे काम आज करूच नका. नव्या दोन डिस्क हातात असतील, तर एक आधी बाहेरून यूएसबीने जोडून तिच्यावर सगळं उतरवून घेता येतं, पण मग मिररमध्ये घालताना ती पुसली जाईल आणि बॅकअप जाईल. तेव्हा हा मार्ग शेवटपर्यंत पुरत नाही.

दुसरं, स्क्रब. जवळजवळ प्रत्येक नॅसमध्ये ‘डेटा स्क्रबिंग’ किंवा तत्सम नावाची सोय असते. त्यात दोन्ही डिस्क जागेवर असतानाच सगळे ब्लॉक वाचून तपासले जातात. म्हणजे रिबिल्डच्या वेळी जी परीक्षा होणार तीच, फक्त दुरुस्तीसाठी दुसरी प्रत हजर असताना. झोपून राहिलेला खराब ब्लॉक इथे सापडतो आणि इथेच सुधारतो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतात, त्यामुळे दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कोणती हे त्यांना ठरवता येतं. साध्या एमडीवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम असेल तर यंत्राला दोन प्रतींत फरक आहे एवढंच कळतं, खरी कोणती ते कळत नाही.

तिसरं, स्मार्ट. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते आणि नॅसच्या स्टोरेजच्या पानावर ती दिसते. ‘सामान्य’ हा एकच शब्द वाचून ते पान बंद करू नका, तपशील उघडा. लांबलचक यादी येईल. तिच्यातल्या चार ओळी बघायच्या. क्रमांक ५ वर किती खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) बदलून राखीव जागेत हलवले ते असतं. १९७ वर कितींबद्दल शंका आहे ते. १९८ वर किती सुधारता आले नाहीत ते. या तिन्हींच्या कच्च्या आकड्यांत शून्य असेल तर उत्तम. १९७ शून्याच्या वर असेल तर ती डिस्क रिबिल्डचा स्रोत म्हणून वापरू नये. १९९ वर वाढता आकडा असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो. ती नीट बसवली की आकडा वाढायचा थांबतो, पण आधीचा तसाच राहतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

यावरून पहिली कोणती डिस्क काढायची तेही ठरतं. जी जास्त कमजोर तिला आधी काढा. चांगली आत राहू द्या, कारण सगळी नक्कल तिच्यावरून व्हायची आहे.

नवी डिस्क निवडताना

क्षमता सोडून दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, म्हणजे डेटाचे ट्रॅक (तबकडीवरच्या गोल पट्ट्या) सुटे आहेत की एकमेकांवर चढवलेले. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून शेजारशेजारचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. थोडं थोडं लिहिताना हे जाणवत नाही, पण सलग तासन्‌तास लिहायला लागलं की वेग कोसळतो आणि कधी कधी नॅस त्या डिस्कला बिघडलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतल्या (हे नुसतं मालिकेचं नाव, वरच्या रेड पद्धतीशी त्याचा संबंध नाही) २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. नंतर कंपनीने सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. आता कंपन्या मॉडेलप्रमाणे ही माहिती देतात. मॉडेल क्रमांक पूर्ण टाकून शोधा, मालिकेच्या नावावर भरवसा ठेवू नका.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभरसुद्धा. एकट्या डिस्कसाठी हा चिवटपणा चांगला, कारण दुसरी प्रत नाहीच. मिररमध्ये मात्र तो घातक, कारण लिनक्स साधारणपणे ३० सेकंद वाट बघतो आणि डिस्क मेली असं धरतो. नॅससाठी बनवलेल्या डिस्क ७ सेकंदांच्या आसपास हार मानतात आणि ‘हा भाग मिळाला नाही’ असं कळवून मोकळ्या होतात, मग मिरर तो दुसरीकडून आणतो. नॅसची डिस्क म्हणून जे वेगळं असतं त्यातला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे.

यंत्राची मर्यादाही बघून घ्या. फार जुनी यंत्रं एमबीआर या जुन्या पद्धतीने डिस्कचं विभाजन करतात, त्यांना २ टेराबाइटच्या पुढचं दिसतच नाही. काही जुन्या यंत्रांवर बनलेले ईएक्सटी४ व्हॉल्यूम (नॅसवर दिसणारी साठवणीची जागा) १६ टेराबाइटच्या पुढे वाढत नाहीत, मग डिस्क कितीही मोठ्या लावा. उत्पादकाच्या सुसंगत डिस्कच्या यादीवरही एक नजर टाका. आणि नॅसवर ८ टेराबाइटच्या डिस्कचे ७.२ च्या आसपासच का दिसतात, याचं उत्तर असं की डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि नॅस बहुधा १०२४ च्या पटीत. काही हरवलेलं नसतं.

दोन्ही नव्या डिस्क मिररमध्ये घालण्याआधी त्यांची लांब स्मार्ट चाचणी करून घेणं मला आवश्यक वाटतं. तिला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात. पण डिस्क बिघडण्याची शक्यता अगदी सुरुवातीच्या काळात जास्त असते, आणि दुसऱ्या फेऱ्यात हीच नवी डिस्क एकटी सगळ्या घराचा डेटा सांभाळणार आहे.

प्रत्यक्ष अदलाबदल

नॅसमध्ये रिकामा कप्पा असेल तर तुमचं काम बरंच सुरक्षित झालं. नवी डिस्क त्यात घाला आणि जुनी जागेवर ठेवूनच ‘बदला’ ही सोय वापरा. एमडीमध्ये ती आहे, झेडएफएसमध्येही आहे. यात नक्कल पूर्ण होईपर्यंत जुनी जोडी अखंड राहते आणि वर सांगितलेले धोक्याचे तास येतच नाहीत. चार कप्प्यांच्या नॅसमध्ये तर दोन नव्या डिस्कचा स्वतंत्र मिरर बनवून त्यावर सगळं उतरवून घेतलं तरी चालतं.

दोनच कप्पे असतील तर एकेक बदलण्याला पर्याय नाही. आधी डिस्कचा सिरियल क्रमांक स्टोरेजच्या पानावरून टिपून घ्या आणि ट्रे बाहेर आल्यावर तो डिस्कच्या लेबलवर शोधा. जुळतो का बघा आणि मगच पुढे जा. स्वतः जुळवलेल्या यंत्रात तर हे फारच गरजेचं, कारण लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, सिरियल क्रमांक कधीच बदलत नाही. यंत्र चालू असताना डिस्क काढता येत असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून ती निष्क्रिय करा. येत नसेल तर सरळ बंद करा.

डिस्क काढली की नॅस बीप वाजवायला लागेल, लाल किंवा नारिंगी दिवा लागेल, ‘डिग्रेडेड’, म्हणजे जोडी अपुरी आहे, असा संदेश येईल. हे अपेक्षितच आहे. बीप बंद करा, नवी डिस्क बसवा, ‘दुरुस्त करा’ निवडा. हे करताना नवी डिस्क पुसली जाईल असा इशारा येतो. तिथे यादीत खरोखर नवीच डिस्क दिसते आहे ना, हे पुन्हा एकदा वाचा. मग यंत्राला एकटं सोडा. फोनचे बॅकअप थांबवा, मोठ्या कॉपी टाळा, हवा खेळती ठेवा. तापमान पन्नास अंशांच्या आत राहिलेलं बरं. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस हवाच.

काढलेली जुनी डिस्क म्हणजे त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या डेटाची पूर्ण प्रत आहे. तिच्यावर तारीख आणि कप्प्याचा क्रमांक लिहून बाजूला ठेवा. तिला दुसऱ्या कशालाही जोडू नका, फॉरमॅट करू नका. रिबिल्ड फसला तर घाईने ती नॅसमध्ये घालून ‘दुरुस्त करा’ दाबणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट होईल, कारण यंत्र तिला कोरी डिस्क समजून तिच्यावर लिहायला घेऊ शकतं. अशा वेळी नॅस बंद करून, आतल्या डिस्क काढून, ती एकटीच लावून सुरू करायची आणि तिच्यावरून डेटा बाहेर काढायचा.

पहिला रिबिल्ड झाल्यावर लगेच दुसरी डिस्क ओढू नका. स्थिती ‘सामान्य’ झाली का, नव्या डिस्कच्या १९७ वर शून्यच आहे का, काही फाइल उघडतात का, ते पाहा. मग तीच कृती दुसऱ्या डिस्कसाठी.

जागा वाढवणं

दोन्ही नव्या डिस्क आत आल्या तरी व्हॉल्यूम ४ टेराबाइटचाच दिसेल. कारण एकावर एक थर आहेत: डिस्कवरचं विभाजन, त्यावर मिरर, काही यंत्रांत त्यावर एलव्हीएम हा जागेची वाटणी करणारा थर, आणि सगळ्यांत वर फाइल सिस्टीम. प्रत्येक थराला ‘आता तू मोठा हो’ असं खालून वर क्रमाने सांगावं लागतं. तयार नॅसमध्ये ‘विस्तार करा’ या एका बटणामागे हे सगळं घडतं, काहींत ते आपोआपही होतं. झेडएफएसमध्ये ‘ऑटोएक्सपांड’ हा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. ईएक्सटी४, बीटीआरएफएस, एक्सएफएस या तिन्ही फाइल सिस्टीम चालू असतानाच वाढवता येतात. एमडीमध्ये वाढलेल्या भागाची दोन्ही डिस्कवर पुन्हा जुळणी होते, त्यामुळे आणखी काही तास डिस्क चालू राहतील. पण या वेळी तुमच्या डेटाच्या दोन्ही प्रती जागेवर असतात, काळजी नाही.

फक्त हे लक्षात घ्या, की विस्तारानंतर मागे फिरता येत नाही. तोपर्यंत गरज पडली तर ४ टेराबाइटची डिस्क या मिररमध्ये परत बसू शकते, नंतर ती लहान पडते. म्हणून, आपोआप विस्तार होत नसेल आणि जागेची अगदी निकड नसेल, तर मी दुसऱ्या रिबिल्डनंतर एक पूर्ण स्क्रब करतो, काही दिवस जाऊ देतो आणि मगच विस्तार करतो.

त्यानंतर उरतो बॅकअपचा प्रश्न, आणि तो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. नॅस ८ टेराबाइटचा झाला, पण बॅकअपची डिस्क अजून ४ चीच आहे. आज ती पुरते. वर्षभराने एका रात्री बॅकअप जागेअभावी अडेल, आणि ती सूचना आपण वाचत नसू तर कळणारही नाही. तेव्हा बॅकअप फसल्याची सूचना ईमेलवर येते ना, ते आत्ताच तपासा. जुन्या दोन डिस्क निरोगी असतील तर महिनाभराने त्या पुसून दोन्हींची मिळून बॅकअपची जागा करता येते, किंवा फोटोंपुरती एक प्रत एकीवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवता येते. विकायच्या किंवा कोणाला द्यायच्या असतील तर नुसत्या फाइल डिलीट करून देऊ नका. अख्ख्या डिस्कवर एकदा शून्यं लिहून घ्या. ४ टेराबाइटला तेही काम बरेच तास घेतं, ते रात्रभर लावून ठेवा.